रघुने धरलेलं स्टेअरिंग

रघुचे हात थरथरतात हे त्याला मी सांगितलं. एकांतात नाही, चारचौघांत, गिऱ्हाईक समोर उभं असताना. चाळीस वर्षांचा जोडीदार माझा. त्याने ऐकून घेतलं, चपला पायात सरकवल्या आणि घरी गेला. त्यानंतर कामावर काही आला नाही. झालं ते झालं म्हणून सोडून द्यावं तर सुटत नाही, आणि आतल्या आत धरून ठेवायचाही आता कंटाळा आलाय. म्हणून सांगतो.

मी दत्ताराम. नायगावातून परळकडे यायला लागलात की बंद गिरणीची लांबलचक भिंत लागते, तिच्या कडेच्या गल्लीत आमचं काम. गॅरेज म्हणावं तर डोक्यावर छप्पर नाही. एक लोखंडी पेटी, दोन जॅक, पाने, चार सळया आणि गवंडी वापरतात तसली दोरी. गाडीच्या चाकांचं अलाइनमेंट आम्ही दोरी ताणून करतो. मशीनवाले हसतात. हसू देत. मशीन कुणी बघितलं नव्हतं तेव्हा निम्म्या दादरच्या टॅक्स्या याच दोरीवर सरळ झाल्यात.

लोक तक्रार काय घेऊन येतात? "स्टेअरिंग वाकडं बसतंय." एवढंच. गाडी नाकासमोर चाललीय आणि स्टेअरिंग मात्र जरासं एका बाजूला कललेलं. धोका काही नसतो, पण माणसाला दिवसभर ते डोळ्यांसमोर दिसतं आणि डोकं फिरतं. यात पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की हात सोडला तर गाडी खेचते का सरळ जाते? खेचत असेल तर हवा बघ, टायर बघ, ब्रेक कुठे चिकटतोय का बघ. सरळ जात असेल आणि फक्त स्टेअरिंगच वाकडं असेल तर खालचे टायरॉड बघ. टायरॉड म्हणजे स्टेअरिंगकडून दोन्ही चाकांना वळवणारे दांडे. ते दोन्हीकडे सारखे लागतात. कुणीतरी शहाण्याने एकाच बाजूचा फिरवून ठेवलेला असतो, नाहीतर खड्ड्यात आपटून वाकलेला असतो. आणि हे सगळं करायच्या आधी, अगदी आधी, रस्ता बघायचा. रस्ता एका अंगाला उतरत असेल तर चांगली गाडीसुद्धा त्या अंगाला सरकते, आणि तिला सरळ ठेवायला स्टेअरिंग उलट्या बाजूला धरावं लागतं. आधी रस्ता, मग गाडी. किती जणांना शिकवलं असेल हे मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

रघु माझ्या समोरच्या खोलीतला. नायगावच्या बीडीडी चाळीत आमची दारं समोरासमोर. त्याचे वडील भिवाकाका आणि माझे वडील एकाच गिरणीत, एकाच पाळीला. संपानंतर गिरणी बसली तेव्हा आम्ही दोघं अठरा-एकोणीसचे. भिवाकाका त्यानंतरही कितीतरी दिवस सकाळी अंघोळ करून, कपडे घालून या भिंतीपर्यंत यायचे, गेटाला हात लावायचे आणि परत जायचे. रघु मागून त्यांना घेऊन जायला यायचा. नुसता दंडाला धरायचा. धरण्याचं काम त्याचं तेव्हापासूनचं म्हणा ना.

मग लालबागच्या एका गॅरेजात आम्ही दोघं लागलो, तिथे सहा-सात वर्षं काढली, आणि तिथून उठून या गल्लीत आपली पेटी मांडली. वाटणी ठरलेली. मी गाडीखाली, तो गाडीत. मी खाली आडवा होऊन पान्याने टायरॉड फिरवायचा, आणि तेवढा वेळ रघुने स्टेअरिंग बरोबर मधोमध धरून ठेवायचं. केसभरही हलू द्यायचं नाही. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. एवढंच त्याचं काम. दादरचा एक डॉक्टर गाडी घेऊन यायचा, तो एकदा हसत म्हणाला, "यांचं काम काय, नुसतं बसायचं?" रघु म्हणाला, "होय." माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुम्हीपण मनगट धरून बसताच की." डॉक्टर भला माणूस, ओशाळला.

आता बाजारात स्टेअरिंग आवळून ठेवायचा क्लॅम्प मिळतो. पण क्लॅम्प बोलत नाही. मी खाली दांडा फिरवला की त्याचा जोर वरपर्यंत पोचतो, स्टेअरिंग सरकायला बघतं, आणि रघुच्या पंजाला ते माझ्या आधी कळायचं. वरून आवाज यायचा, "चिमूटभर जास्त झाला." त्याचं माप ते. चिमूट, अर्धी चिमूट, दोन चिमटी. पोहे करायला बसल्यासारखं. मी परत तेवढाच मागे फिरवायचो आणि दोरीवर माप बरोबर उतरायचं.

गाडीत बसायच्या आधी तो चपला बाहेर काढायचा. कितीही भिकार गाडी असू दे. आणि धरताना डोळे मिटायचा. मी एकदा विचारलं, झोपतोस काय रे आत? तर म्हणाला, "डोळे उघडे असले की हात त्यांचंच ऐकतात." आणि गंमत बघा, ह्या माणसाने जन्मात गाडी चालवली नाही. लायसनच काढलं नाही. हजारो गाड्यांची स्टेअरिंगं हातांतून गेली, सगळ्या उभ्या गाड्यांची. मी कितीदा म्हटलं, शीक, मी शिकवतो. तर म्हणायचा, "तू चालव. मी धरतो."

म्हणजे ट्रायल मारायचं काम माझं. दोरीवर माप झालं की गाडी मी एकटा घेऊन जायचो. आमची गल्ली एकदिशा आहे. गिरणीच्या जुन्या गेटापासून पुढच्या पिंपळापर्यंत सरळ पट्टा, डाव्या हाताला भिंत. तिथे मी स्टेअरिंगवरचे हात सोडायचो. गाडी सुतासारखी जायची. स्टेअरिंग मधोमध. परत यायचं ते मोठ्या रस्त्याने गर्दीतून वळसा घालून, तिथे कसले हात सोडताय. तीस वर्षं आमची परीक्षा त्या एका पट्ट्यावर. तो रस्ता आम्हाला कुणी सपाट आहे म्हणून सांगायची गरज नव्हती. आमचे बाप त्यावरून पाळीला गेले, आम्ही त्यावर गोट्या खेळलो. त्या रस्त्याला आम्ही कधी तपासलं नाही. आईचं वजन कोण करतं?

गेल्या हिवाळ्यात गल्ली खणली. डांबर काढून काँक्रीट केलं. महिना-दीड महिना आमची पेटी पिंपळाखाली हलवली होती. फेब्रुवारीत रस्ता खुला झाला, पांढरा स्वच्छ, एक खड्डा नाही. मी रघुला म्हटलं, "बघ, आता ट्रायलला कशी मजा येते ती."

मार्चपासून मजा सुरू झाली. ट्रायलला गाडी काढली की स्टेअरिंग जरा उजवीकडे. अगदी थोडं, पण मला दिसायचं. मी परत येऊन रघुला सांगायचो, "तू धरलंस ते वाकडं होतं." तो चपला काढून परत बसायचा, परत डोळे मिटायचा. मी परत खाली जायचो. दोरीवर माप बरोबर. ट्रायलला परत उजवीकडे. शेवटी मी वैतागून ट्रायलवर जे दिसेल त्याप्रमाणे टायरॉड फिरवून द्यायचो, त्या पट्ट्यावर स्टेअरिंग मधोमध दिसेपर्यंत. झालं काम, जा घेऊन. आणि चार दिवसांनी तोच माणूस परत. "दत्ताराम, आता डावीकडे बसतंय."

एक आला, दोन आले. टॅक्सीवाले आले, त्यांनी तोंडाला येईल ते सुनावलं. वीस वर्षं येणारी माणसं मशीनवाल्यांकडे जायला लागली. मी ऊन लागल्यासारखा चिडचिडा झालो. आणि रघु स्टेअरिंग धरून बसला की त्याच्या मानेवर घाम यायचा. आधी कधी येत नसे.

हितेंद्र परांजपे म्हणून एक गिऱ्हाईक आहेत, गिरगावचे. इमारतींचे नकाशे काढतात. तोलूनमापून बोलणारा माणूस. त्यांच्या वडिलांची गाडीही आमच्याकडेच यायची. एप्रिलमध्ये ते तिसऱ्यांदा आले. स्टेअरिंगच्या वर मधोमध त्यांनी पांढरी चिकटपट्टी लावलेली. मला म्हणाले, "हे बघा दत्ताराम, मी फ्रीवेवर तपासलं. पट्टी डाव्या बाजूला जाते. प्रत्येक वेळी डाव्याच. मी भांडायला आलो नाही. पण माझे वडील तुम्हा दोघांविषयी फार सांगायचे, म्हणून मशीनकडे न जाता परत इथे आलो."

शिवी दिली असती तरी चाललं असतं मला. ते वडिलांचं बोलले आणि माझ्या अंगाची आग झाली. रघु बाजूलाच उभा होता, हातात कटिंग चहाचा ग्लास. एकसष्टीला आलेला माणूस, भर उन्हाचा, ग्लास गरम, हात जरा हलत होता. माझा नाही का हलत? सगळ्यांचा हलतो. पण मला त्या क्षणी तेवढंच दिसलं. मी म्हटलं, "साहेब, गाडीचा दोष नाही. ह्याचे हात बघा. थरथरतात. रघ्या, तुझे हात गेले. उगाच आत बसून लोकांच्या गाड्यांची वाट लावू नकोस. घरी बस."

रघुने ग्लासाकडे बघितलं. मग दुसऱ्या हाताने तो ग्लास धरला आणि पेटीवर ठेवला. "बरां," म्हणाला. चिडला असता तर मी दोन शब्द आणखी बोललो असतो आणि संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. पण त्याला ते पटलं. त्याच्या तोंडावर दिसलं मला, की त्याला पटलं. हितेंद्र साहेब खाली मान घालून उभे होते.

मे महिन्यात त्याच्याही खोलीचा नंबर लागला. चाळी पाडून टॉवर होतायत, आम्ही आधीच भाड्याच्या जागेत गेलो होतो. रघु भाड्याने कुठे गेला नाही, रखमावैनीला घेऊन सरळ गावी गेला, देवगडच्या अलीकडे. जायच्या आदल्या दिवशी पेटीची दुसरी किल्ली द्यायला आला होता. मी एका गाडीखाली होतो. मला त्याचे पाय दिसले. त्याच त्या चपला. तो थोडा वेळ उभा राहिला, मग पेटीवर किल्ली ठेवल्याचा आवाज आला. मी गाडीखालून बाहेर आलो नाही. पाना हातात होता, काम काही चाललेलं नव्हतं, तरी आलो नाही. या वयाला असा हट्ट. थू माझ्या जिनगानीवर.

मग मी क्लॅम्प आणला. क्लॅम्पचे हात थरथरत नाहीत. पहिली गाडी केली, ट्रायल मारली, स्टेअरिंग उजवीकडे. परत फिरवलं, ट्रायलवर मधोमध आणलं, दिली. आठ दिवसांनी गाडी परत. "डावीकडे बसतंय." आता इथे तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता की नाही? रघु नाही, त्याचे हात नाहीत, आणि चूक तीच, बाजूही तीच. थरथरणारा हात कधी डावीकडे चुकेल, कधी उजवीकडे चुकेल. एकाच बाजूला कसा चुकेल? पण माणूस स्वतःला शहाणा समजत असला की उजेडाला आत यायला फट राहत नाही. मी काय ठरवलं, तर माझेही डोळे गेले. दोघं म्हातारे झालो, संपलं. आणि रघुला फोन करून एवढं तरी सांगावं की बाबा, तू नसतानाही तसंच होतंय, तर तेही जमलं नाही. माझी बायको बेबी रोज म्हणायची, "रघुभावजींका फोन करा." मी म्हणायचो, करतो. पावसाळा गेला. गणपती गेले. त्याची मुलगी अक्षदा पहिल्या बाळंतपणाला गावी आली, मुलगी झाली, हेही मला परस्पर कळलं.

दसऱ्याला आम्ही गल्लीत पूजा करतो. पेटीतली सगळी हत्यारं पाटावर मांडायची, दोरीला हळदकुंकू, झेंडूचा हार. आमची जुनी ओमनी आहे, तिच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी पुढे काढायची. दरवर्षी लिंबं रखमावैनी ठेवायच्या. यंदा बेबी ठेवत होती. मी अगरबत्ती लावत होतो. माझं कशातच लक्ष नव्हतं. धंदा दिवाळीपर्यंत चालवायचा आणि पेटीला कुलूप घालायचं, असं मनाशी जवळपास ठरवलं होतं.

बेबी म्हणाली, "अवो, ह्या लिंबू ऱ्हवणा नाय."

मी म्हटलं, "म्हणजे काय? लिंबू आहे, राहील."

"तुमी ठेवून दाखवा."

मी वाकलो, कंबर धरून. पुढच्या चाकासमोर लिंबू ठेवलं. ते जरा थांबलं, मग हळूहळू लोळत भिंतीकडच्या गटाराला जाऊन लागलं. मी उचलून परत ठेवलं. परत गेलं. दुसरं घेतलं, गोलसर बघून. ते आणखी लवकर गेलं. चार लिंबं चार जागी ठेवली, गेटाजवळ, खांबाजवळ, पेटीसमोर. चारही भिंतीकडे.

"रस्तोच उतरता मा भिंतीकडे," बेबी म्हणाली. "पावसाचा पाणी जावक नको?" तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती ताट पुसायला लागली.

बरोबरच होतं तिचं. गटार एकाच बाजूला, भिंतीकडे. काँक्रीट करताना पाणी तिकडे जावं म्हणून सबंध रस्ता त्या अंगाला उतरता केलेला. बनवणाऱ्यांनी त्यांचं काम नीटच केलं होतं. पावसाळाभर आमच्या गल्लीत पाणी तुंबलं नाही, मी स्वतः कौतुक केलं होतं त्याचं. आणि आधी रस्ता, मग गाडी असं जगाला सांगणारा मी.

तरी खात्री करायला हवी. ही ओमनी रघुच्या हातची, रस्ता होण्याच्या आदल्या दिवाळीत केलेली. तिच्यात बसलो, लिंबं गटारापाशी तशीच सोडून गाडी पुढे काढली आणि गेटापासून पिंपळापर्यंत गेलो. भिंत डावीकडे. गाडी भिंतीकडे सरकत होती आणि ती सरळ ठेवायला स्टेअरिंग जरासं उजवीकडे धरावं लागत होतं. मग पिंपळापाशी गाडी वळवली आणि एकदिशा गल्लीत उलटा आलो. आता भिंत उजवीकडे. आता स्टेअरिंग डावीकडे धरावं लागलं. तेवढंच. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. दोन्हीकडे सारखं, म्हणजे स्टेअरिंग मुळात बरोबर मधोमध. रघुने धरलं होतं तिथेच.

गल्लीच्या तोंडाशी हवालदार उभा होता. काचेवर टकटक करून म्हणाला, "काय काका, सणासुदीला नो एंट्री?" मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "जा, जा. बरं वाटत नसेल तर घरी जा."

गाडी लावली आणि पेटीवर बसलो. मला आनंद व्हायला हवा होता, माझे डोळे शाबूत होते, धंदा वाचला होता. पण मला नुसता थकवा आला. मार्चपासून मी चांगल्या गाड्या त्या उतारावर घालून वाकड्या करून दिल्या. एकेकाला बोलवून सरळ करून देता येतील, पुढे दिल्याही, हितेंद्र साहेबांची सगळ्यात आधी. टायरॉडचं काय, मागे फिरवला की झालं. मी फोन काढला.

रखमावैनींनी उचलला. "काय भावजी, आज आठवण झाली?" रागाने नाही म्हणाल्या, आणि त्यानेच मला जास्त लागलं. मागे तान्हं बाळ रडत होतं.

"नात काय?" मी विचारलं.

"होय. तीन म्हयन्यांची झाली."

"रघुच्या अंगावर खेळत असेल."

वैनी आवाज खाली आणून म्हणाल्या, "तेंनी तिका अजून एकदा पण हातात घेवक नाय, भावजी. दाढी करूक न्हाव्याकडे जातत. चाय अर्धो कप भरून मागतत. पोरगी म्हणता, बाबा घ्या. तर म्हणतत, नको, दत्तान बघितल्यान, माझे हात हलतत. पाडलंय तर?"

मी भिंतीला टेकलो. चाळीस वर्षांत या माणसाने माझ्या एका शब्दावर कधी शंका घेतली नाही, त्या दिवशीच्या शब्दावरही घेतली नव्हती. मी म्हटलं, "वैनी, त्याला फोन द्या."

फोन हातांतून हातांत गेल्याचा आवाज आला. "हां," रघु म्हणाला.

घरी, चाळीत, आम्ही मालवणीतच बोलायचो. कामावर नाही. आज तोंडातून तेच आलं. "रघु, रस्तो वाकडो आसा रे. आपलो रस्तो. पांढरो केलो ना, तेवा भिंतीकडे उतरतो केलेलो. गाडये बरोबर होते. तू बरोबर होतंस. मीच त्या उतारावर बघून बघून सगळे वाकडे केलंय."

मी त्याला लिंबाचं सांगितलं, ओमनीचं सांगितलं, उलटा आलो तेही सांगितलं. बाळ रडतच होतं.

मग त्याने विचारलं, "लिंबू खंयच्या बाजूक गेला?"

"भिंतीच्या. चारय."

"म्हणजे स्टेअरिंग उजवीकडे धरूचा लागतला," तो म्हणाला. सावकाश, एकेक शब्द, हाताखाली काहीतरी धरून बघावं तसा. "मगे मी धरलेला ता मधीच होता."

"मधीच होता. तुझे हात बरे आसत, रघु. चूक माझी. सगळ्यांदेखत बोललंय, आता सगळ्यांदेखत सांगतंय, ही बेबी हय उभी आसा."

"सा म्हयने झाले, दत्ता."

खरंच होतं. सहा महिने झाले होते. मी म्हटलं, "परत ये. क्लॅम्प फेकून देतंय."

"नाय रे," तो म्हणाला. "आता नाय येवचंय." त्यात राग नव्हता. दमला होता तो. मीही दमलो होतो.

मग त्याने फोन कुठेतरी ठेवला. बंद केला नाही, नुसता ठेवला, लाकडावर ठेवल्यासारखा आवाज आला. त्याचं बोलणं लांबून ऐकू आलं. "अगो, दी तिका हय."

वैनींचा आवाज आला, घाईघाईने, "सांभाळून, मान धरा तिची, खाली हात घाला..."

"माका धरूक शिकवू नको," रघु म्हणाला.

बाळ आणखी दोन-तीनदा रडलं आणि गप्प झालं. फोन तसाच चालू होता. बेबी ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि मी तो कानाला लावून ऐकत राहिलो.